काचेच्या पेटीतला समुद्र आणि त्यातले अदृश्य कामकरी

पाणी इतके नितळ होते की टाकीत पाणी आहे की नाही, असा प्रश्न घरी येणाऱ्या पाहुण्यांना पडावा. पांढरीशुभ्र वाळू, निळसर दिवा, मंद गतीने वर चढणारे बुडबुडे आणि त्यांच्यामधून फिरणारे, केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे चार क्लाउनफिश. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि आठ-दहा वर्षांची मुले असलेल्या अनेक घरांत जो हट्ट धरला गेला, तो आमच्याही घरी धरला गेला. गोड्या पाण्यातले मासे आम्ही पूर्वी पाळले होते. तेव्हा खाऱ्या पाण्याचे त्याहून वेगळे ते काय असणार, असा आमचा आत्मविश्वास होता. दुकानदाराने टाकी, मीठ, फिल्टर आणि मासे एकाच दिवशी, एकाच खेपेत दिले. सहाव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, आठव्या दिवशी त्यांनी अन्न सोडले आणि नवव्या दिवशी सकाळी चारही मासे वाळूवर आडवे पडलेले दिसले. पाणी तेव्हाही तितकेच नितळ होते.

‘हवा मानवली नाही, दुसरे घेऊन जा,’ असे दुकानदाराचे म्हणणे. मुलीचा प्रश्न मात्र अधिक नेमका होता. ‘बाबा, त्यांना आपण मारलं का?’ त्या वेळी मी काहीतरी सारवासारव केली. पुढे पुष्कळ वाचन केल्यावर खरे उत्तर कळले, ते ‘हो’ असेच होते. मासे रोगाने मेले नव्हते, भुकेने मेले नव्हते. ते स्वतःच्याच उत्सर्जनाने विषबाधा होऊन मेले होते. आणि ते विष निपटून काढणारी जी यंत्रणा टाकीत असायला हवी होती, ती दुकानात पाकिटात मिळत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

शरीरात प्रथिनांचे विघटन झाले की त्यातले नत्र बाहेर टाकावे लागते. सस्तन प्राणी त्याचा युरिया करतात, पक्षी युरिक आम्ल करतात. बहुतेक अस्थियुक्त मासे एवढा खटाटोप करत नाहीत. त्यांच्या भोवती अमाप पाणी असते, म्हणून ते नत्र अमोनियाच्या रूपात थेट कल्ल्यांवाटे सोडून देतात. समुद्रात हा अमोनिया क्षणार्धात पांगतो. टाकीत तो कोठे जाणार?

थोडा हिशेब मांडून पाहू. टाकी दोनशे लिटरची आहे आणि रोज एक ग्रॅम कोरडे खाद्य पडते, असे धरू. खाद्यात ४५ टक्के प्रथिने असतील आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते, म्हणजे त्या एका ग्रॅमात ७२ मिलिग्रॅम नत्र आले. त्यातले निम्मेच अमोनिया होऊन पाण्यात उतरले, तरी दर लिटरमागे रोज ०.१८ मिलिग्रॅमची भर पडते. नऊ दिवसांत ही रक्कम दीड मिलिग्रॅमच्या वर जाते. न खाल्लेले, दगडाखाली कुजणारे खाद्य वेगळेच. आमच्या टाकीचा नववा दिवस हा काही योगायोग नव्हता.

हाच अमोनिया गोड्या पाण्याच्या टाकीत तुलनेने कमी घातक का ठरतो, याचे उत्तर पाण्याच्या सामूत आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत नांदतो. एक रूप विद्युतभारित, म्हणजे अमोनियम. ते कल्ल्यांच्या पापुद्र्यातून सहजासहजी आत शिरत नाही. दुसरे रूप भाररहित अमोनिया; ते सहज आत शिरते आणि मज्जासंस्थेपर्यंत जाऊन घात करते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला, सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का या घातक रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे हेच प्रमाण सात-आठ टक्क्यांवर जाते. म्हणजे चाचणीत आकडा सारखाच दिसला, तरी खाऱ्या पाण्यातले विष पंधरापट ठरू शकते. मत्स्यपालनात भाररहित अमोनियासाठी लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम ही सावधगिरीची मर्यादा मानतात. आमच्या टाकीत नवव्या दिवशी तिच्या पाच-सहापट अमोनिया असला पाहिजे. त्यातच खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, गोड्या पाण्याच्या सुमारे चार-पंचमांश. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी तापले की तोही घटतो. धापा टाकणाऱ्या माशांना दुहेरी मार बसत होता.

‘फिल्टर तर लावला होता!’ असे वाचक म्हणतील. आम्हीही म्हणालो होतो. या शब्दानेच खरे तर घोटाळा केला आहे. फिल्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते. काही अडले, काही खाली गेले. अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो, तो कोणत्याही स्पंजात अडकत नाही. जैविक गाळणीत प्रत्यक्ष गाळणे असे काही घडतच नाही. तिथे स्पंज, सिरॅमिकच्या नळकांड्या, दगड आणि वाळूचे कण ही केवळ घरे असतात. काम करतात ते त्या घरांत राहणारे सूक्ष्मजीव. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. आमच्या नव्या कोऱ्या फिल्टरमध्ये घरे होती, भाडेकरू नव्हते.

या भाडेकरूंचा शोध कसा लागला, ही कथा रंजक आहे, आणि तिच्यात एका पिता-पुत्रांच्या जोडीचा वाटा आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास एका काचपात्रात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई ठेवून पाणी न बदलता ते सारे कसे जिवंत राहते, याचे प्रयोग केले. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात, गोगलगाई कुजलेली पाने खातात. हिशेब जमला, अशी त्यांची मांडणी होती. थोड्याच काळात त्यांनी समुद्राच्या पाण्यावरही तोच प्रयोग केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत समुद्र अवतरू लागला. वॉरिंग्टन यांच्या हिशेबात मात्र एक खाते राहून गेले होते. नत्राची उस्तवार नेमके कोण करते, ते त्यांना दिसलेच नव्हते.

ते खाते भरण्याचे काम पुढे त्यांच्या मुलाकडे आले. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच. पण त्याचा प्रश्न माशांचा नव्हता, शेतीचा होता. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात, शेतात घातलेल्या खतातल्या अमोनियाचे नायट्रेट कसे होते, हे तो तपासत होता. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश ठिबकू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग एकाएकी अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट उतरू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली; मातीचे थोडे पाणी घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम सजीवांचे होते. धाकट्या वॉरिंग्टनने पुढे दाखवले की या कामाचे टप्पे दोन आहेत आणि कामकरीही दोन निरनिराळे आहेत. ते जीव शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्याला साधले नाही. ते यश १८९० मध्ये रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांना मिळाले. बापाने मांडलेल्या टाकीतले कोडे मुलाने शेताच्या बांधावरून सोडवले, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे हीच क्रिया शतकानुशतके उपयोगात होती, फक्त तिला नाव नव्हते. बिहारमधील नोनिया समाजाचे लोक गावाजवळची, गुराढोरांच्या वावराने नत्रयुक्त झालेली माती खरवडून तिच्यातून सोरा काढत. तो सोरा म्हणजे नायट्रेटच. जहाजांनी तो युरोपात जाई आणि तोफांच्या दारूत पडे. मत्स्यटाकीच्या स्पंजात जे जीव राबतात, त्यांच्याच गोतावळ्याने पिकवलेले ते पीक.

आता त्या वीस दिवसांकडे पुन्हा वळू, कारण नव्या टाकीचे सारे मर्म तिथे आहे. श्लोसिंगच्या नळीला जी प्रतीक्षा करावी लागली, तीच प्रत्येक नव्या टाकीला करावी लागते. साधे जिवाणू अन्नातल्या सेंद्रिय पदार्थांवर पोसतात. अनुकूल स्थितीत आतड्यातला एश्चेरिशिया कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. हे नायट्रीकारक जीव अमोनिया किंवा नायट्राइट ‘जाळून’ तुटपुंजी ऊर्जा मिळवतात आणि शरीर घडवण्यासाठी लागणारा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. एवढ्या गरिबीच्या संसारात वाढ सावकाशच होणार; दुप्पट व्हायला त्यांना सामान्यतः अर्धा दिवस ते एक दिवस, कधी त्याहूनही अधिक लागतो. त्यातही दुसऱ्या गटाला पहिल्या गटाने नायट्राइट तयार करीपर्यंत अन्नच नसते. म्हणून नव्या टाकीत आधी अमोनिया चढतो, दहा-पंधरा दिवसांनी तो उतरू लागतो, तेव्हा नायट्राइट चढते आणि तेही उतरल्यावर नायट्रेट उरते. खाऱ्या पाण्यात या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात, क्वचित आठ.

हे आठवडे माशांवाचून काढायचे असतात, हीच गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. कोळंबीचा एक लहानसा तुकडा टाकीत कुजू द्यावा किंवा मोजून अमोनियम क्लोराइड घालावे. जिवांना अन्न मिळते आणि कोणाचा बळी जात नाही. पूर्वी स्वस्त, चिवट डॅमसेल मासे टाकीत सोडून ‘टाकी पिकवण्याची’ रीत होती. जगले तर जगले! तसे करणारे आजही भेटतात. माझ्या मते ही रीत सोडून देण्याजोगी आहे. कारण त्यात वेळ वाचत नाही, फक्त वेदनेचा भार माशावर टाकला जातो.

दुसऱ्या खेपेस आम्ही दर तिसऱ्या दिवशी चाचणी घेतली. परीक्षानळीत थेंब टाकले की पिवळा रंग हिरवा होतो. जितका गडद हिरवा, तितका अमोनिया अधिक. मुलीने भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनांत रंगीत पेन्सिलींनी ठिपके काढले. सतराव्या दिवशी हिरवा रंग फिकट होऊ लागला, तेव्हा घरात जो आनंद झाला, तो चार मासे एकदम आणले त्या दिवशीही झाला नव्हता.

नायट्राइटविषयी येथे थोडे सांगायला हवे. गोड्या पाण्यात मासे पाळणारे त्याला अमोनियाइतकेच भितात, आणि ते योग्यच आहे. तिथे नायट्राइट कल्ल्यांतील क्लोराइड घेणाऱ्या पेशींतून आत घुसते आणि रक्ताला तपकिरी करून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. त्या गर्दीत नायट्राइटला दाराशी जागाच मिळत नाही. म्हणून खाऱ्या टाकीत नायट्राइटचा रंग गडद दिसला, तरी घाबरून सारे पाणी उपसून टाकू नये. तो टाकी पिकत असल्याचा संकेत समजावा.

कोणते जीव हे काम करतात, याबद्दल शंभर वर्षे एकच ठराविक उत्तर पाठ्यपुस्तकांत होते. अमोनियासाठी नायट्रोसोमोनास, नायट्राइटसाठी नायट्रोबॅक्टर. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत होव्हानेक आणि डिलाँग यांनी मत्स्यटाक्यांतील फिल्टरांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा नायट्रोबॅक्टर जवळपास सापडलाच नाही. गोड्या पाण्याच्या टाक्यांत त्याच्या जागी नायट्रोस्पायरा गटाचे जिवाणू निघाले. २००५ मध्ये त्याहून मोठा धक्का बसला, आणि तोही एका मत्स्यालयातूनच. सिएटल शहराच्या मत्स्यालयातील उष्णकटिबंधीय सागरी टाकीच्या खडीतून मार्टिन क्योन्के, डेव्हिड स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव वेगळा काढला. तो जिवाणू नव्हताच, आर्किया या निराळ्याच कुळातला होता. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे त्याचे नाव. लांबी एका मायक्रॉनहूनही कमी. समुद्रातल्या सूक्ष्मजीवांत याच्या भाऊबंदांचा वाटा मोठा आहे, हे आधीच ठाऊक होते. पण ते तिथे करतात काय, हे उमगत नव्हते. त्याचे उत्तर हजारो शाळकरी मुले ज्या काचेला नाक लावून उभी राहत, तिच्या पलीकडच्या खडीत होते. आपल्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात लहानपणी काचेपाशी रेंगाळलेल्या मुंबईकरांना ही गोष्ट विशेष आवडावी. हा जीव अमोनिया जवळपास नसल्यागत असतानाही तो वेचून घेतो, हे २००९ मध्ये स्पष्ट झाले. आणि २०११ मधील एका अभ्यासात गोड्या पाण्याच्या बहुतेक टाक्यांच्या फिल्टरांतही अमोनिया पचवणाऱ्यांत आर्कियाच बहुसंख्य आढळले.

या शोधांचा घरगुती टाकीशी संबंध काय? एक तर बाजारात ‘जिवाणूंची बाटली’ मिळते, तिच्याकडे जरा डोळसपणे पाहता येते. योग्य जीव, जिवंत अवस्थेत, थंड जागी ठेवलेले असतील तर त्या बाटलीने प्रतीक्षा कमी होते. पण दुकानाच्या दर्शनी काचेत मे महिन्याच्या उन्हात दोन महिने उभी असलेली बाटली म्हणजे बहुधा महागडे गढूळ पाणी. त्यापेक्षा एखाद्या परिचिताच्या निरोगी, जुन्या टाकीतला मूठभर ओला स्पंज किंवा वाळू मिळाली, तर ती अधिक मोलाची.

हे जीव पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागांना चिकटून राहतात, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून पाणी बदलल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. स्पंज धुतल्याने मात्र सर्वस्व जाते. आमच्या एका शेजाऱ्यांनी दिवाळीच्या साफसफाईत फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच तर क्लोरीन असतो! भाऊबीजेपर्यंत त्यांची टाकी ओस पडली. स्पंज चोंदला तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळून परत ठेवावा, एवढेच पुरे.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. ‘समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मीठ विकत कशाला घ्यायचे?’ हा प्रश्न मुंबईत हमखास विचारला जातो. शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ मिसळलेला असतो; ज्या अमोनियाशी झगडायचे, तोच आपण बादलीने घरी आणू. स्वयंपाकघरातले मीठही उपयोगाचे नाही. समुद्रातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के असतात. उरलेल्या पंधरा टक्क्यांतील मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम यांवाचून सागरी जीव तग धरत नाहीत. तयार सागरी मीठ शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरला सात किलो, हाच सरळ मार्ग.

आता नायट्रेट. अमोनियाच्या तुलनेत ते सौम्य असते, माशांना लवकर बाधत नाही. परंतु प्रवाळांच्या परिसरात नैसर्गिकरीत्या नायट्रेट जवळजवळ नसतेच, आणि टाकीत ते साचतच राहते. साचले की शेवाळ माजते, नाजूक अपृष्ठवंशी जीव कोमेजतात. त्याचे पुन्हा नत्रवायूत रूपांतर करून चक्र पुरे करणारे जिवाणूही आहेत. पण त्यांची अट उलटी आहे. प्राणवायू मिळाला की ते तोच वापरतात आणि नायट्रेटला हात लावत नाहीत. त्यांना प्राणवायूविरहित जागा हवी, आणि चांगल्या फिल्टरमध्ये आपण नेमका प्राणवायूच भरपूर खेळवतो!

ही पेचाची गाठ सच्छिद्र दगडाने सोडवली. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले, जीवांनी लडबडलेले ‘जिवंत दगड’, वाळू, प्रकाश आणि हवेचे बुडबुडे. बाकी यंत्रे नाहीत. पाश्चात्त्य छंदिष्टांनी तिला फारशी किंमत दिली नाही; पुढे दोन-अडीच दशकांनी बर्लिनच्या मत्स्यप्रेमींनी जिवंत दगडांवरच आपली पद्धत उभारली आणि मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून तेच साधले. दगडाच्या बाहेरच्या कातडीवर प्राणवायू असतो, तिथे अमोनियाचे नायट्रेट होते. आत काही मिलिमीटरांवर प्राणवायू संपतो, तिथे नायट्रेटचा नत्रवायू होऊन बुडबुड्यासारखा निघून जातो. एकाच दगडात दोन विरुद्ध हवामाने. वाळूचा थर मात्र फार जाड केला आणि तो नंतर उकरला, तर आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडून अनर्थ होऊ शकतो. सडक्या अंड्याचा वास आला की हात आवरावा.

इथे आपल्या वाचकांसाठी एक इशारा आवश्यक आहे. परदेशी पुस्तके वाचून जिवंत दगडाचा मोह होतो, आणि आपल्याकडे तो चोरून विकणारेही असतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्ती उभारणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला; घोडमासेही त्याच यादीत आले. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. प्रवाळ म्हणजे अंदमान-लक्षद्वीपचीच मक्तेदारी असेही नाही; आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य घोषित झाले आहे. दिवाणखान्यातील एका टाकीसाठी अशा जागेतून दगड उचलणे म्हणजे गुन्हा तर आहेच, शिवाय ज्या समुद्राच्या प्रेमाने टाकी मांडली त्याच्याच घरावर दरोडा आहे. सच्छिद्र सिरॅमिकचे ठोकळे किंवा कोरडे कृत्रिम दगड घेतले, तर सहा-आठ महिन्यांत तेही ‘जिवंत’ होतात. घाई करणाऱ्याला एवढाच काय तो तोटा. माशांच्या बाबतीतही पर्याय आहे. मंडपम आणि विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचे प्रजनन कधीच साध्य केले आहे. टाकीतच जन्मलेला मासा मागून घ्यावा.

नत्राचा भार मुळातच कमी करायचा, तर विघटन सुरू होण्यापूर्वीच घाण उचलणारे प्रोटीन स्किमर हे यंत्र उपयोगी पडते. पावसाळ्यात चौपाटीवर लाटांसोबत पिवळट फेस येऊन साचतो, तो आपण पाहतो. सेंद्रिय पदार्थ बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेस होतो. स्किमर नेमके हेच एका नळकांड्यात घडवून तो फेस वाटीत गोळा करतो. गोड्या पाण्यात बुडबुडे चटकन मोठे होऊन फुटतात, म्हणून तिथे हे यंत्र चालत नाही. खाऱ्या पाण्याला निसर्गाने दिलेली ही एक सवलतच म्हणायची. त्याला नियमित पाणीबदलाची जोड मात्र हवीच.

राहिला विजेचा प्रश्न, आणि आपल्याकडे तो पुस्तकी नाही. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो आणि सात ग्रॅम चुनखडीइतकी पाण्याची अल्कता खर्च होते. अल्कता खाली आल्याचे आठवड्याच्या चाचणीत कळते व ती भरून काढता येते. प्राणवायूला तेवढी सवड नसते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पंप थांबला की आतले जीव उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि मग स्वतःच मरू लागतात.

२६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या उपनगरात जवळपास दोन दिवस वीज नव्हती. मुलगी आणि मी आळीपाळीने दर अर्ध्या तासाने पातेल्याने टाकीतले पाणी उचलून उंचावरून परत ओतत होतो, तेवढाच प्राणवायू. रात्री मेणबत्तीच्या उजेडात मासे दिसत नसत, पण पाणी ओतले की त्यांची हालचाल जाणवे. वीज आली तेव्हा माझा हात सवयीने फिल्टरच्या बटणाकडे गेला, आणि मुलीनेच तो धरला. डबा उघडला तर नासलेल्या अंड्याचा भपकारा आला. तसाच तो सुरू केला असता, तर दोन दिवसांचे विष एका मिनिटात टाकीत आले असते. आतले सारे साहित्य टाकीतल्या पाण्यात खळबळून पुन्हा बसवले. पुढचे अकरा दिवस चाचणीचा रंग पुन्हा हिरवट दिसत राहिला. रोज पाव टाकी पाणी बदलावे लागले. घरातले मीठ संपले, क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जाणे पहिले काही दिवस शक्य नव्हते, म्हणून माशांचे खाणे अगदी चिमटीवर आणले. दगडांतील वस्ती टिकून होती, तिनेच बहुधा तारून नेले. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप टाकीच्या कपाटात कायम ठेवलेला असतो.

टाकीत दोनच क्लाउनफिश होते. दोन्हीही वाचले. या माशांत मोठा असतो ती मादी. आमची मादी २०१७ पर्यंत त्याच टाकीत होती.